डॉलर नव्वदीपार: परदेशवारीचं चलन स्वस्तात घ्यायचं तर नेमकं काय बघायचं?

डिसेंबर २०२५ मध्ये एका डॉलरची किंमत पहिल्यांदाच ९० रुपयांच्या वर गेली. दोन दिवस सगळीकडे तीच बातमी होती. रुपया घसरला की काय काय महागतं, याच्या याद्याही फिरल्या. पण त्या याद्यांत एक गोष्ट सहसा नसते. टीव्हीवर दिसणारा तो ९० चा दर तुम्हाला-मला मिळतच नाही. आपल्याला मिळतो त्याहून एक, दोन, कधी तीन रुपये चढा दर. रुपया किती घसरावा हे आपल्या हातात नाही, पण हे वरचे दोन-तीन रुपये बऱ्याच अंशी आपल्या हातात आहेत.

मी मूळचा भंडाऱ्याचा, काम सॉफ्टवेअरचं. ओळखीतलं कोणी परदेशात निघालं की मला हमखास फोन येतो: "डॉलर कुठून घेऊ? कोणतं कार्ड काढू?" निघणारेही आता सगळ्या प्रकारचे आहेत. कोणी मित्रांसोबत थायलंडला, कोणी नोकरीसाठी आखातात, कोणी मास्टर्सला, कोणी घरच्यांना घेऊन श्रीलंका किंवा लुंबिनीला. प्रत्येकाचं उत्तर थोडं वेगळं आहे. पण हिशोब करायची पद्धत एकच आहे, आणि रिझर्व्ह बँकेच्या एका नव्या पावलामुळे या हिशोबात सध्या मोठा बदल होऊ घातलाय. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र समजून घेऊ.

आधी 'मधला दर' समजून घ्या

गुगलवर 'डॉलर टू रुपी' टाकलं की जो आकडा येतो, तो साधारणपणे मधला दर असतो. बँका आपसात लाखो डॉलर घेतात-विकतात, तिथे खरेदीचा एक भाव असतो आणि विक्रीचा एक. त्या दोन्हींच्या मधोमधचा हा आकडा. मोठ्या कंपन्यांना यापासून काही पैशांच्या अंतरावर डॉलर मिळतो. आपल्याला मात्र रुपयांच्या अंतरावर मिळतो.

हे अंतर म्हणजेच विकणाऱ्याची कमाई. ती पावतीवर वेगळी दिसत नाही, दरातच मिसळलेली असते. म्हणून 'शून्य कमिशन' अशी पाटी लावणं कोणालाही परवडतं. कमिशन शून्यच असतं, दर शून्य अंतरावर नसतो.

दरफलकावर 'बाय' आणि 'सेल' असे दोन रकाने असतात. ते दुकानदाराच्या बाजूने वाचायचे. आपण डॉलर घेतो तेव्हा तो विकतो, म्हणून आपल्याला लागू होतो 'सेल'चा दर. परत आल्यावर उरलेले डॉलर द्यायचे तर 'बाय'चा. या दोन आकड्यांत जितकी दरी जास्त, तितकं ते दुकान महाग. एवढ्या एका खुणेवरून अर्धा अंदाज येतो.

एक हजार डॉलरचं गणित

गणित सोपं जावं म्हणून मधला दर ९० धरू. म्हणजे एक हजार डॉलरची 'खरी' किंमत ९०,००० रुपये. खालचे दर आणि शुल्कं उदाहरणादाखल घेतलेली आहेत. तुम्ही तुमचे आकडे घालून हेच गणित करा.

पहिला पर्याय, काउंटरवरून रोख नोटा. दर समजा ९२.५०, कमिशन शून्य. झाले ९२,५००. त्यावर जीएसटी. चलन बदलताना बहुतेक ठिकाणी तो असा मोजतात: एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का ही सेवेची किंमत मानायची, निदान २५० रुपये, आणि तिच्यावर १८ टक्के. म्हणजे इथे साधारण १६७ रुपये. एकूण ९२,६६७. जादा गेले २,६६७.

दुसरा पर्याय, फॉरेक्स कार्ड. दर समजा ९१.२०, म्हणजे ९१,२०० रुपये. जीएसटी साधारण १६४. कार्ड काढायचे ३०० आणि त्यावरचा जीएसटी ५४. एकूण ९१,७१८. जादा गेले १,७१८.

तिसरा पर्याय, रोजचं क्रेडिट कार्ड तिकडे स्वाइप करायचं. बऱ्याच कार्डांवर ३.५ टक्के मार्कअप असतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. दोन्ही मिळून ४.१३ टक्के. एक हजार डॉलरवर जादा ३,७१७ रुपये. म्हणजे 'काहीच करायला नको, कार्ड आहेच' हा सगळ्यात आरामाचा पर्याय सगळ्यात महागडा निघतो. शून्य किंवा कमी मार्कअपचं कार्ड असेल तर मात्र हाच पर्याय एकदम स्वस्त होतो, कारण कार्ड नेटवर्कचा मूळ दर मधल्या दराच्या बराच जवळ असतो. तुमच्या कार्डाचा मार्कअप किती, हे बँकेच्या शुल्कपत्रकात लिहिलेलं असतं. निघायच्या आधी ते एकदा उघडून बघा.

कुठल्याही पर्यायाला एकच प्रश्न विचारायचा: माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जाणार आणि माझ्या हातात नेमके किती डॉलर येणार? पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. जे उत्तर येईल तो तुमचा खरा दर. बाकी सगळी जाहिरात.

आपल्या जिल्ह्याची अडचण वेगळी का?

मुंबई-पुण्यात एका रस्त्यावर चार दुकानं असतात. एकाचा दर दुसऱ्याला सांगितला की तो दहा-वीस पैसे खाली येतो. आपल्याकडे ही घासाघीस करायला जागाच नाही. तुमसर, साकोली किंवा लाखांदूरहून निघणारा माणूस बहुधा नागपूर गाठतो. भंडाऱ्यापासूनच ते साठेक किलोमीटर. एकदा तिथे पोचलं की दर पटला नाही म्हणून कोणी रिकाम्या हाताने परत येत नाही. जाण्या-येण्याचा खर्च आणि सुटीचा दिवस आधीच गेलेला असतो. वेळ नसेल तर थेट विमानतळावर घेतात, आणि विमानतळाचे काउंटर सहसा सगळ्यात महाग असतात. कारण तेच: समोरच्याकडे दुसरा पर्याय नाही, हे त्यांना माहीत असतं.

बँकेत विचारावं तर प्रत्येक बँकेला आणि प्रत्येक शाखेला विदेशी चलनाचं काम करता येत नाही. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. परवाना असलेल्या बँकेतही हे काम ठरावीक शाखांतून चालतं. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी "नागपूरच्या शाखेत जा" हेच उत्तर जास्त करून ऐकू येतं.

थोडक्यात, आपण जो चढा दर देतो त्यातला एक हिस्सा अंतराचा आहे, दुसरा माहिती नसण्याचा. यातलं अंतर फोनने मिटायला हवं होतं. शेअर घेताना ते मिटलं. पवनीत बसलेल्या मुलाला शेअरचा जो भाव दिसतो तोच दलाल स्ट्रीटवर दिसतो. मग डॉलरचं तसं का नाही?

सरकारी बाजू काय करतेय?

ऐकून आश्चर्य वाटेल, पण तशी सोय २०१९ पासून आहे. ५ ऑगस्ट २०१९ ला 'एफएक्स-रिटेल' नावाचा मंच सुरू झाला. तो चालवते मुंबईची क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे सीसीआयएल. सरकारी रोखे आणि विदेशी चलनाच्या बाजारातले बँकांचे व्यवहार मिटवणारी ही संस्था.

कल्पना साधी आहे. ग्राहक आपली ऑर्डर टाकतो: इतके डॉलर हवेत. समोर विकणाऱ्यांच्या ऑर्डर असतात. कोण घेतंय, कोण विकतंय हे एकमेकांना दिसत नाही, यंत्रणा भाव जुळवते. शेअर बाजारात चालतं तसंच. तुमची बँक मधे असते, पण ती दर ठरवत नाही. तिने आधीच सांगितलेलं शुल्क ती घेते. दर एकीकडे, शुल्क एकीकडे. इंजिनिअर म्हणून मला यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते: नफा दरात लपवायची जागाच डिझाइनमध्ये ठेवलेली नाही.

मग हे आपल्यापर्यंत का आलं नाही? कारण त्यासाठी वेगळ्या वेबसाइटवर नोंदणी, मग बँकेची मंजुरी, मग मर्यादा ठरवणं, असा सगळा प्रवास होता. आयात-निर्यात करणाऱ्याला तो परवडतो. आयुष्यात एकदा बँकॉकला जाणाऱ्याला नाही. आणि ज्या बँकेला दरातून कमाई होते, तिने ग्राहकाला हाताला धरून स्वस्त रस्त्यावर नेऊन सोडावं, ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने पुढचं पाऊल जाहीर केलं: एफएक्स-रिटेल 'भारत कनेक्ट'ला जोडायचं. भारत कनेक्ट म्हणजे पूर्वीचं बीबीपीएस. महावितरणचं बिल तुम्ही फोनवरून भरता, ते ज्या व्यवस्थेतून जातं तीच ही. सुरुवात फक्त अमेरिकी डॉलरच्या खरेदीपासून, व्यक्ती आणि एकल मालकीचे व्यावसायिक यांच्यासाठी. डॉलर तीन प्रकारे मिळू शकतील असं ठरलं: परदेशी खात्यात पाठवून, फॉरेक्स कार्डावर भरून, किंवा नोटांच्या रूपात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईच्या ग्लोबल फिनटेक फेस्टमध्ये ही सेवा सुरू झाल्याचं जाहीर झालं.

यातून किती वाचेल? रकमेवर अवलंबून

इथे जरा थांबून गणित करायला हवं, कारण 'बाजारभाव मिळाला म्हणजे स्वस्त' हे नेहमी खरं नाही.

समजा बाजारात डॉलर ९०.०२ ला मिळाला. बँकेचं शुल्क आणि नोटा किंवा कार्ड पोचवायचा खर्च मिळून ७०० रुपये, त्यावर जीएसटी १२६. शिवाय चलन बदलाचा जीएसटी साधारण १६२. एक हजार डॉलरला एकूण ९१,००८ रुपये. जादा गेले १,००८. वरच्या तिन्ही पर्यायांपेक्षा हे कमी आहे.

आता हेच दोनशे डॉलरसाठी करा. मूळ किंमत १८,०००. काउंटरवर ९२.५० ने घेतले तर ५०० रुपये जादा आणि जीएसटी किमान ४५, म्हणजे ५४५. नव्या मार्गाने दरातला फरक फक्त ४ रुपये, पण शुल्काचे ८२६ आणि जीएसटीचे ४५ तेवढेच राहतात. झाले ८७५. म्हणजे इथे काउंटर स्वस्त पडलं!

उलट टोकाला जा. साकोलीचा एखादा विद्यार्थी परदेशी विद्यापीठाला २०,००० डॉलर फी पाठवतोय. इथे दरात फक्त ५० पैशांचा फरक पडला तरी १०,००० रुपये होतात. दीड रुपयाचा पडला तर ३०,०००. शैक्षणिक कर्जाचा हप्ता फेडणाऱ्या घरात ही रक्कम लहान नाही. माझ्या मते या सेवेचा खरा फायदा सहलीला जाणाऱ्यांपेक्षा फी भरणाऱ्यांना आहे, आणि नेमकं त्यांनाच याबद्दल कोणी सांगत नाही. घरात कोणी बाहेर शिकायला जात असेल तर बँकेला सरळ विचारा: "एफएक्स-रिटेलवरून करून द्याल का? तुमचं शुल्क किती?" नाही म्हणाले तरी एक फायदा होतो. समोरच्याला कळतं की तुम्हाला मधला दर माहीत आहे. मोठ्या रकमेवर तेवढ्याने दर खाली येऊ शकतो.

ही सेवा जिल्ह्यात खरोखर रुजायची असेल तर मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, बँकांनी आपलं शुल्क ऑर्डर टाकण्याआधी अॅपमध्येच रुपयांत दाखवावं. दोन, नोटा किंवा कार्ड नागपूरला न जाता भंडाऱ्यात मिळावं. दर फोनवर मुंबईचा आणि डॉलर आणायला नागपूर, असं झालं तर अंतराचा खर्च पुन्हा आपल्याच खिशातून जाईल.

प्रत्येक देशाचं गणित वेगळं

दुबई, शारजा, दोहा: नागपूरहून गेल्या काही वर्षांत थेट विमानं गेली ती शारजा आणि दोहाला. या दोन्ही देशांची चलनं डॉलरला बांधलेली आहेत. एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम किंवा ३.६४ कतारी रियाल. त्यामुळे दिरहमचा खरा दर काढणं सोपं आहे. डॉलर ९० असेल तर भागा ३.६७२५ ने: २४.५१ रुपये. कोणी २५.५० सांगितले तर तो जवळपास चार टक्के जास्त घेतोय.

थायलंड: बाहतला भारतात फारसा उठाव नाही, म्हणून त्याच्या दरात दरी मोठी असते. डॉलर नेऊन बँकॉक शहरात बदलणं बहुतेकदा स्वस्त पडतं. १०० डॉलरच्या कोऱ्या नोटा न्या. छोट्या नोटांना तिथे कमी दर देतात. तिथलं एटीएम परदेशी कार्डाला दर वेळी साधारण २२० बाहत लावतं, म्हणून थोडे थोडे पैसे काढू नका.

नेपाळ, भूतान, श्रीलंका: लुंबिनीला जाणाऱ्यांनी डॉलरच्या मागे लागू नये. नेपाळ आणि भूतानच्या सहलीसाठी भारतात विदेशी चलन मिळतच नाही. १ भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. भूतानमध्ये २०२१ पासून, तर नेपाळ आणि श्रीलंकेत २०२४ पासून ठरावीक दुकानांत यूपीआयचा क्यूआर चालतो. पण 'यूपीआय चालतं' म्हणजे 'मधल्या दराने चालतं' असं नाही. पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर रुपयांत रक्कम दिसते, ती एकदा ताडून बघा.

निघण्याआधी हे लक्षात ठेवा

• तिकडच्या दुकानात किंवा एटीएमवर मशीन विचारतं: रुपयांत की स्थानिक चलनात? दर वेळी स्थानिक चलन निवडा. रुपये निवडले की दर ते मशीनवाले ठरवतात आणि तो बऱ्याचदा बँकेपेक्षाही महाग असतो.

• बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला रोख नोटा ३,००० डॉलरपर्यंतच मिळतात. बाकी कार्डावर घ्या. चलन घेताना रोख रुपये ५०,००० च्या आतच चालतात, त्यापुढे बँकेतून द्यावे लागतात.

• पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन तयार ठेवा. वर्षाला व्यक्तीमागे २,५०,००० डॉलर ही मर्यादा आहे.

• टीसीएसची धास्ती घेऊ नका. एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत बाहेर पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही. टूर पॅकेजवर मात्र पहिल्या रुपयापासून लागतो. कापला गेला तरी रिटर्न भरताना हिशोबात धरता येतो. बँकेसारख्या मान्य संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या फीवर आता टीसीएस नाही.

• गरजेपेक्षा जास्त नोटा घेऊ नका. परत विकताना 'बाय'चा दर मिळतो, म्हणजे एकाच पैशावर दोनदा नुकसान. परतल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा स्वतःजवळ ठेवता येतात. त्यावरच्या १८० दिवसांत परत कराव्या लागतात.

आणि एक धोका

फोनवर 'फॉरेक्स' शोधलं की पहिल्यांदा दिसतात ती चलन देणारी अॅप्स नसतात. ती 'फॉरेक्स ट्रेडिंग' शिकवणारी, रोज कमाईचं आमिष दाखवणारी असतात. ज्यांना परवानगी नाही अशांची नावं रिझर्व्ह बँक सप्टेंबर २०२२ पासून आपल्या 'अलर्ट लिस्ट'मध्ये देतेय. नाव त्या यादीत नाही म्हणजे अधिकृत, असंही समजू नका. अधिकृतांची यादी वेगळी असते आणि तीही रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे. व्हॉट्सअॅपवर कोणी बाजारभावापेक्षा स्वस्त डॉलर देतो म्हणाला तर एवढाच विचार करा: ज्या भावाने बँकेलाही मिळत नाही, त्या भावाने याला कुठून मिळाले? नोटा खोट्या निघाल्या तर पैसे गेले. खऱ्या निघाल्या तरी परवाना नसलेल्याकडून घेणं हा फेमा कायद्याचा भंग आहे, आणि त्याची पावती तुमच्याकडे नसते.

मग आज काय करायचं? दोन-तीनशे डॉलर हवे असतील तर जास्त धावपळ नको. दोन ठिकाणी फोन करा, एकूण रुपये विचारा, भागाकार करा आणि घ्या. हजाराच्या पुढे कार्ड आणि नोटा वाटून घ्या, कार्डाचा मार्कअप आधी तपासा. आणि फीसारखी मोठी रक्कम असेल तर एफएक्स-रिटेलबद्दल बँकेला विचारल्याशिवाय सही करू नका. तिथे एक प्रश्न विचारायला एक मिनिट लागतं, आणि त्या एका मिनिटाची किंमत वर काढलीच आहे: ५० पैशाला १०,००० रुपये.